खड्डा कागदावर आला पाहिजे



आज माइकसमोर आम्ही चौघी बसलो आहोत. बोलणार एकच, बाकीच्या तिघी चुकलं तर चिमटा काढायला. आमचा बचत गट सोलापूर जिल्ह्यातला, मंगळवेढ्याच्या बाजूचा. याआधी आम्ही इथं दोनदा आलो, एकदा शेवया-कुरडयांचं सांगायला आणि एकदा कर्जाच्या हप्त्यांचं. आज रस्त्याचं बोलायचं आहे. खरं तर रस्त्याचं बोलणं बाप्यांचं काम समजतात. पारावर बसून रस्त्याला शिव्या घालायच्या, चहा प्यायचा आणि उठायचं. पण रस्त्यावर पडतं कोण, हे आम्ही गेलं वर्षभर लिहून ठेवलं. बहुतेक करून आपणच पडतो. गाडी चालवणारा हँडल धरून असतो, त्याला समोरचा खड्डा निदान दिसतो तरी. मागं बसलेलीला काय दिसतं? नवऱ्याची नाहीतर पोराची पाठ. मांडीवर बाजाराची पिशवी, कडेवर लेकरू, दोन्ही पाय एका बाजूला, धरायला एकच हात मोकळा. गाडी आदळली की ती मागच्या मागं जाते आणि डोकं आधी टेकतं.

आमच्या गटातली एक वहिनी अशीच गेली. नाव सांगत नाही, तिच्या घरच्यांना ते नको आहे. पण त्यांनीच सांगितलं, बाकी सगळं बोला. म्हणून बोलतो.

परतीच्या पावसाचे दिवस होते. आठवडी बाजार करून दोघं दिवे लागणीच्या सुमारास घरी निघाली होती. गावाच्या अलीकडं ओढ्यावर फरशी आहे, तिच्या तोंडाशी खड्डा होता. नवा नव्हता. उन्हाळ्यात तो सगळ्यांना पाठ होता, दादाही रोज चुकवून जायचे. पण त्या दिवशी त्यात पाणी भरलेलं. पाणी भरलं की खड्डा दिसत नाही, नुसता ओला रस्ता दिसतो. समोरून ट्रॅक्टरचा उजेड डोळ्यांवर आला, दादांनी गाडी कडेला घेतली, पुढचं चाक आत गेलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. वहिनी मागं पडली. गाडी फार जोरात नव्हती. दादांना खरचटलंसुद्धा नाही.

आता पुढचं नीट ऐका. वहिनी उठली, पदर झटकला, सांडलेले टोमॅटो गोळा केले. म्हणाली, काही नाही लागलं, चला. घरी आली, भाकरी केल्या, पोरांना वाढलं. डोकं दुखतंय म्हणून न जेवता पडली. रात्री दोनदा उलटी झाली. घरच्यांना वाटलं, पित्त झालं असेल, दिवसभर उन्हात होती. पहाटे हलवलं तर ती ओळख देईना. तालुक्याला नेलं, तिथून सोलापूरला. तिसऱ्या दिवशी गेली. वय अडतीस.

डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डोक्याच्या आत रक्त साचतं ते हळूहळू साचतं. माणूस आधी चांगला उठतो, बोलतो, घरी चालत जातो, आणि मग काही तासांनी ढासळतो. म्हणून डोक्यावर पडलेल्या माणसाकडं निदान एक दिवस-रात्र लक्ष ठेवायचं. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हाता-पायातली ताकद कमी वाटणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी पित्ताची गोळी द्यायची नाही. १०८ ला फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही. आणि आपल्या बायकांची ती खोड, पडलं की आधी पदर सावरायचा आणि म्हणायचं काही नाही झालं, ती या एका बाबतीत तरी सोडा. लाज वाटायची ती नंतर वाटू द्या.

वहिनीच्या तेराव्यानंतर आम्ही गटाच्या बायका कागद बघायला बसलो. दादांना त्या कागदांकडं बघवत नव्हतं. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, शवविच्छेदनाचा कागद. सगळीकडं एकच वाक्य फिरून फिरून होतं, दुचाकीवरून पडून डोक्यास मार. शिवाय निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दादांवरच. खड्डा हा शब्द एकाही कागदावर नाही. आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. फरशी आहे, तारीख आहे, गाडीचा नंबर आहे. खड्डा नाही.

हवालदार साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ताई, जबाबात जे सांगितलं ते लिहिलं. आणि तेही खरंच होतं. दादांनी जबाबात सांगितलं होतं, माझा ताबा सुटला. बायको डोळ्यांसमोर पडलेला माणूस दुसरं काय सांगणार? ते अजून म्हणतात, ब्रेक मी दाबला. आम्ही त्यांना तुमची काहीच चूक नाही असं म्हणत नाही. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कायद्यानं मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि ते असतं तर कदाचित ती आज इथं पाचवी बसली असती. पण खड्डा त्यांनी पाडला नव्हता. आम्ही फोटो काढायला फरशीवर गेलो तोवर तिथं डांबराचा एक ठिगळ टाकून झालेला. आता तिथं खड्डा होता हे सिद्ध कसं करायचं?

त्याच दिवशी गटात ठरलं, खड्डा कागदावर आला पाहिजे. तो कागदावर नसला तर तो कुणासाठीच नसतो.

हे आमच्या एका गावाचं नाही. देशभरातल्या अपघातांचा हिशेब केंद्र सरकार दरवर्षी छापतं. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. गेलेल्यांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची, आणि शहरांपेक्षा खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरची जास्त. आता याच हिशेबात खड्ड्यांमुळं किती गेली? १,८५६. म्हणजे शंभरातलं एक. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या पुढं लिहिलंय अतिवेग. बायांनो, तुम्ही रोज या रस्त्यांनी जाता. शंभरातलं एकच खड्ड्यानं पडतं हे तुम्हाला पटतं का? आम्हाला पटत नाही. अतिवेग असतोच, पोरं गाडी उडवतात, ते आम्ही डोळ्यांनी बघतो. पण आमची वहिनी कुठल्या रकान्यात मोजली असेल, हे आम्हाला सांगावं लागत नाही. चालवणाऱ्याची चूक, एवढंच तिथं असणार.

आता रस्ता मोडतो कसा, ते थोडं बोलू. कारण नुसतं ठेकेदारानं खाल्लं म्हणून मोकळं होता येत नाही. खाणारे खातात, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या भागातली जमीन काळी. ज्वारीला ती सोनं, रस्त्याला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. भेगेतून पाणी आत शिरतं. डांबराचं पाण्याशी हाडवैर. पाणी मुरलं की खडी सुटते, चाकाखाली उडते, आज वाटीएवढा असलेला खड्डा पंधरा दिवसांत घमेल्याएवढा होतो. म्हणून रस्ता मध्ये थोडा उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता ठेवतात, कडेला चर ठेवतात, म्हणजे पाणी निघून जावं.

आणि ती चर कुठं आहे? आमच्या शिवारात तर आम्हीच नांगरून टाकली. दोन सऱ्या जास्त बसाव्यात म्हणून. शेतात ट्रॅक्टर उतरवायला चरीवर माती टाकली, खाली पाइप टाकला नाही, पाणी अडलं, रस्त्यावर साचलं. विहिरीची पाइपलाइन पलीकडं न्यायची म्हणून रात्रीत रस्ता आडवा खणला आणि सकाळी माती लोटून दिली. तो खणलेला पट्टा महिनाभरात दबतो आणि मग तो उभ्या आयुष्याचा खड्डा. आमच्या चौघींपैकी दोघींच्या घरच्यांनी हे केलेलं आहे. कोण त्या सांगणार नाही, पण त्या आता चिमटा काढतायत.

गतिरोधकांचंही तसंच. एखाद्या वस्तीवर पोरगं गाडीखाली येता येता वाचतं, मग वस्तीतली माणसं रात्री सिमेंटचा उभा बांध घालतात. त्यामागची भीती खरी असते, आम्हालाही लेकरं आहेत. पण गतिरोधक कसा असावा याचं माप ठरलेलं आहे. उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी जवळजवळ पावणेचार मीटर, म्हणजे गाडी चढून सावकाश उतरावी. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि आधी फलक हवा. आपला असतो वीतभर रुंद आणि वीतभर उंच, रंग नाही, उजेड नाही. रात्री अनोळखी माणूस त्यावर उडतो, आणि मागची बाई त्याच्या आधी खाली येते. परवानगीशिवाय घातलेला असला गतिरोधक म्हणजे उलटा खड्डाच.

साइडपट्टी हा तिसरा प्रकार. गावाकडचा रस्ता मुळात एका गाडीचा, पावणेचार मीटरच्या आसपास. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर येतो. तो काही खाली उतरत नाही. दुचाकीवाल्यानं उतरायचं. डांबराची कड आणि खालची माती यांच्यात वीतभर खाच पडलेली. उतरताना एकदा तोल जातो, पुन्हा वर चढताना दुसऱ्यांदा. आमच्या वहीत खड्ड्याच्या खालोखाल नोंदी या साइडपट्टीच्या आहेत. रस्ता मधून तुळतुळीत दिसतो, फोटोतही छान येतो, आणि माणसं कडेला पडतात.

वही म्हणालो, तर तिचं सांगतो. शंभर पानी साधी वही आहे, बचतीच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवतो. गावापासून तालुक्याच्या रस्त्यापर्यंतच्या ७ किलोमीटरवर कोण कुठं पडलं ते त्यात लिहायचं. तारीख, वेळ, जागा, गाडी कोणती, मागं कोण होतं, काय लागलं, आणि रस्त्यात काय होतं. जागा लिहायला सुरुवातीला गोंधळ व्हायचा. एकजण म्हणे चिंचेपाशी, दुसरी म्हणे मळ्याच्या वळणावर. मग विजेच्या खांबांचे नंबर लिहायला लागलो. मोबाइल सगळ्यांकडं आहे, फोटो काढायचा, पण त्यात खांब नाहीतर किलोमीटरचा दगड आला पाहिजे. नुसता खड्ड्याचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो. खोली कळावी म्हणून खड्ड्यात काठी उभी धरायची. पहिल्या महिन्यात घरचे हसले. आता कुणी पडलं की गडी माणसंच घरी येऊन सांगतात, वहीत घ्या.

एक गोष्ट आम्ही करून बघितली आणि चुकलो, तीही सांगायला हवी. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही बायकांनी मिळून चार मोठे खड्डे मुरूम टाकून बुजवले. फोटो काढले, खूप बरं वाटलं. पहिल्या दोन सरींत मुरमाचा चिखल झाला आणि दूध घालायला निघालेला पोरगा त्यातच घसरला. हात मोडला. ती नोंद आम्ही आमच्याच अक्षरात केली. तसंच खड्ड्याभोवती दगड मांडायचं. दिवसा ठीक, पण रात्री ते दगडच माणसाला पाडतात. बाभळीची फांदी रोवली तर ती लांबून दिसते, लागलं तरी फार लागत नाही. तात्पुरतं करायचं तर तेवढं करा, आणि फांदीला पांढरं कापड बांधा.

मग वही घेऊन आम्ही निघालो साहेबांकडं. इथं आमचे तीन महिने गेले, ते तुमचे जाऊ नयेत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात गेलो तर म्हणाले, हा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. तिकडं गेलो तर म्हणाले, जिल्हा परिषदेचा. भर उन्हात एसटीनं चार खेपा झाल्या. शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी जुनी यादी काढली आणि त्यात रस्त्याचा क्रमांक सापडला.

तर आधी रस्ता कुणाचा ते समजून घ्या. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे वरच्या खात्यांकडं, म्हणजे महामार्ग प्राधिकरण नाहीतर सार्वजनिक बांधकाम खातं. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य मार्ग, केशरी असला तर गावचा रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर तोंडाशी फलक असतो. ही योजना २००० सालच्या २५ डिसेंबरला सुरू झाली, आणि तिच्यात रस्ता करणाऱ्या ठेकेदारानंच पुढं ५ वर्षं तो सांभाळायचा असतो. बाकीच्या कामांनाही अशी मुदत असते, तिला सरकारी भाषेत दोष दायित्व कालावधी म्हणतात. शब्द अवघड आहे, पण पाठ करा. साहेबांसमोर हा शब्द उच्चारला की खुर्ची मिळते, हा आमचा अनुभव आहे.

ती मुदत कधी संपते हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारलं. १० रुपयांचा तिकीट लावलेला अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आमचं थोडं उशिरा आलं, पण आलं. फरशीपासून पुढच्या तुकड्याची मुदत संपायला ७ महिने शिल्लक होते. म्हणजे वहिनी पडली तेव्हा तो खड्डा भरणं कुणाचं तरी काम होतं, त्याचे पैसे आधीच ठरलेले होते. हे वाचलं तेव्हा दादा आमच्या शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला.

त्या कागदासोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून आम्ही अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परत यायचं नाही, हा गटाचा नियम. फरशीचा तुकडा दुरुस्त झाला. तोही सहज नाही. पहिल्यांदा खड्ड्यातलं पाणी न काढता वरून डांबर-खडी ओतली, ती आठवड्यात निघाली. आम्ही पुन्हा फोटो नेला. दुसऱ्यांदा खड्डा चौकोनी कापून, झाडून, भरून, रोलर फिरवून गेले. तो अजून टिकून आहे. पुढचे ४ किलोमीटर मात्र तसेच आहेत, त्यांची मुदत संपलेली.

आता कुणी पडलंच तर कागदावर काय यायला हवं, ते सांगतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं, तर गाडीवरून पडले एवढ्यावर थांबायचं नाही. अमुक ठिकाणी खड्ड्यात गाडी आदळून पडले, असं पूर्ण सांगायचं आणि ते लिहिलं का बघायचं. पोलिसांना ११२ वर कळवायचं. जबाब देताना खड्डा सांगायचा, घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्डा यावा म्हणून विनंती करायची, खड्डा बुजायच्या आत फोटो द्यायचे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यायची. घरचा माणूस गाडी चालवत होता म्हणून अपघातच लपवायचा, असं पुष्कळ घरांत होतं. त्याच्यावर केस होईल ही भीती असते, ती आम्ही समजतो. पण लपवलेल्या अपघाताला पुढं कुठलीच मदत मिळत नाही.

मदत कुठली, तर आपल्या हाताशी असलेली सांगतो. बँकेत वर्षाला २० रुपये कापले जातात ना, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख. वहिनीच्या पासबुकात ते २० रुपये दरवर्षी कापलेले दिसतात. पण घरात कुणाला माहीतच नव्हतं, तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्हाला कळेपर्यंत चार महिने गेले. दावा लवकर करायचा असतो, महिन्याच्या आत. अर्ज दिला आहे, अजून उत्तर नाही. म्हणून आजच्या आज एक काम करा, पासबुक उघडून ते २० रुपये बघा आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला दाखवून ठेवा. पोरी विसरत नाहीत. दुसरी आहे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. घरात सातबारा असेल तर शेतकरी आणि त्याच्या घरातलं एक माणूस, वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं ३० दिवसांच्या आत. आणि गाडीचा विमा काढताना एवढं विचारा, मागं बसलेल्याला यातून मिळतं का. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर सहसा मिळत नाही. चालवणारा दादा आणि मागं आपण, तेव्हा हा प्रश्न आपणच विचारायचा.

उपचारांसाठी २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. यालाही पोलिसांकडची नोंद लागतेच. पाहिलंत ना, सगळं फिरून त्या कागदापाशी येतं. दुसऱ्या कुणाला पडलेलं बघितलं तर थांबा, दवाखान्यात न्या. नेणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्तीही नाही, तसा कायदा आहे.

आणि एक मोठी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ सालीच सांगितलं होतं की, चांगला, खड्डे नसलेला रस्ता हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. १३ ऑक्टोबर २०२५ ला त्याच न्यायालयानं त्या प्रकरणात पुढचा आदेश दिला. खड्ड्यामुळं किंवा उघड्या गटारामुळं माणूस गेलं तर वारसांना ६ लाख, जखमी झालं तर ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. ती ठरवायला समित्या, त्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. आणि दिलेला पैसा जबाबदार ठेकेदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायचा. आदेशाचा रोख महापालिका, नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, महामार्ग अशांच्या रस्त्यांवर आहे. त्यामुळं आपल्या घरात असं काही झालं तर आधी रस्ता कुणाचा ते काढा, आणि मग कागद घेऊन तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. आम्ही जाऊन आलो. तिथल्या मॅडमनी सगळे कागद वाचले आणि पहिलाच प्रश्न केला, खड्ड्याची नोंद कुठं आहे?

वहिनीची नोंद नव्हती. अर्ज तरीही घेतला आहे. माहितीच्या अधिकारातलं उत्तर, आजूबाजूच्यांचे जबाब आणि नंतर ठिगळ टाकल्याचा फोटो, एवढ्यावर बघू म्हणाल्या. पुढं काय होतं ते कळवू.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती कागदावरच उरकू द्यायची नाही असं ठरवलं आहे. आमचे ठराव तीन. चरी मोकळ्या करायच्या, त्यात आमच्या घरच्यांच्याही आल्या. पाइपलाइनसाठी रस्ता खणणाऱ्यानं परवानगी घ्यायची आणि खडी-डांबरानं बुजवायचा. आणि उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला मागून चमकणारी पट्टी. पट्ट्यांचे पैसे गट देणार आहे, चिकटवायलाही आम्हीच जाणार. तिसऱ्याला विरोध नाही. पहिल्याला होणार, तो आम्ही घरातून ऐकायला सुरुवात केली आहे.

वहीतली शेवटची नोंद परवाची. ऊसतोडीची बैलगाडी होती, साइडपट्टीच्या खाचेत चाक उतरलं, गाडी कलंडली. बाई उडी मारून वाचली, बैलाचा पाय मुरगळला. बैलाची नोंद घ्यायची की नाही यावर गटात बराच वाद झाला. एक म्हणाली, वही माणसांची आहे. ऊसतोडीची ती बाई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, ताई, बैल बसला तर आमचा हंगाम बसला. मग घेतली. जागा, खांब नंबर, वेळ संध्याकाळी सव्वासहा, डावा पुढचा पाय.